बसून राहणाऱ्या सर्व्हरचं लायसन्स

सोमवार, ४ नोव्हेंबर

तक्ता मागितलाय. शुक्रवारपर्यंत! साहेब म्हणाले, "एंटरप्राइज आणि स्टँडर्ड, दोन्ही एडिशन समोरासमोर मांडा. कशात काय आहे, कशात नाही. आणि शेवटी एका ओळीत सांगा, आपलं स्टँडर्डवर भागतं का." एका ओळीत! वाटलं म्हणावं, साहेब, एका ओळीत मला साधं 'बरी आहे' सुद्धा लिहिता येत नाही.

कंट्रोल रूमचा डेटाबेस आजवर सगळ्यात मोठ्या, म्हणजे एंटरप्राइज एडिशनवर चालला. ॲम्ब्युलन्ससाठी येणारा प्रत्येक फोन त्यात उतरतो – कोण, कुठे, काय झालंय. एक सर्व्हर आमच्या इमारतीत, दुसरा पलीकडच्या. पहिला कोसळला तर दुसऱ्याने उभं राहायचं. लायसन्स डिसेंबरात संपतंय आणि नव्या लायसन्सचा आकडा बघून साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिला. आकडा तोच!

जाता जाता हेही म्हणाले, "तुमच्या कायम होण्याचा विषय याच महिन्यात वर जातोय." सहज म्हणाले असतील. मला कुठलीच गोष्ट सहज ऐकू येत नाही.

निघताना सर्व्हर रूमचं दार ओढून पाहिलं. जिन्यापर्यंत जाऊन परत आले, पुन्हा ओढलं. वॉचमन बघत होता.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

दिवसभर लायसन्सचे नियम. डोक्याचा पार भुगा.

फुकटची एडिशन बादच, डेटा ठरावीक आकाराच्या पुढे गेला की ती हात वर करते. स्टँडर्डला मेमरीची आणि प्रोसेसरची मर्यादा आहे, पण आम्ही तिच्या बरेच आत. एंटरप्राइजला कशाचीच मर्यादा नाही, किमतीचीही. चौथी डेव्हलपर – आतून अस्सल एंटरप्राइज, आणि फुकट! अट एकच, खऱ्या कामाला लावायची नाही. शिका, तपासा, खेळा. आमच्या टेस्टिंगच्या मशीनवर तीच आहे.

सगळ्यात मजा त्या दुसऱ्या सर्व्हरची. तो पहिल्याची नक्कल ठेवत नुसता बसून राहिला तर त्याला लायसन्स लागत नाही. पण त्याला एक जरी प्रश्न विचारला, एक जरी यादी मागितली, की तो कामावर आहे असं धरतात आणि पूर्ण लायसन्स घ्यावं लागतं. जेवताना हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखं. बसलोय तोवर फुकट!" स्वारीला हसता हसता ठसका लागला. (नवऱ्याला मी या वहीत स्वारी म्हणते. सदा गाडीवर. हल्ली तर आमच्याच ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हर.)

मला हसू आलं नाही. बाबा दिवसभर घरात एकटे बसून असतात, हेच डोक्यात घुमत राहिलं. परवा दूध उतू गेलं होतं. ते म्हणतात, थोडंसंच.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज टेस्टिंग. खरी जोडणी जशीच्या तशी उतरवून दोन मशीन जोडल्या, एकीवर खोटे फोन लिहिले, दुसरीवर नक्कल उतरली. गाड्यांत असतो तसल्या टॅबवर यादी आली, भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर आली. एकूण एक गोष्ट चालली. तरी पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. तरी चाललं.

काही बिघडलं नाही की मला जास्त भीती वाटते.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

तक्ता दिला. शेवटची ओळ: 'आपल्या वापरासाठी स्टँडर्ड पुरेशी आहे.' खाली माझी सही. 'दुसरा सर्व्हर' या ओळीत दोन्ही रकान्यांत 'आहे'.

साहेब खूश. "बघा, काळजीवाहू मॅडम, जमलं की नाही!" हे नाव त्यांनीच ठेवलंय. मागे एकदा बॅटरीचा दिवा लाल दिसला म्हणून सुट्टीच्या दिवशी त्यांना फोन केला होता. तो दिवा लालच असतो. तेव्हापासून हे.

रविवार, १० नोव्हेंबर

तक्ते करायची खोड लागली बहुतेक. दादाचा फोन आला होता – "बाबांना माझ्याकडे पाठव. इथे तुझी वहिनी दिवसभर घरी असते. तुमच्याकडे ते नुसते बसून असतात, तेही एकटे." मी दुपारी कागद घेऊन दोन रकाने केले, आमचं घर आणि दादाचं घर. सोबत: नाही, आहे. लिफ्ट: नाही, आहे. दवाखाना: लांब, जवळ. गॅसची भीती: आहे, नाही. दादाचं घर सरळ जिंकत होतं.

बाबा मागे उभे होते, मला पत्ताच नाही. म्हणाले, "यात मी कुठल्या रकान्यात बसतो?"

मी म्हटलं, बाबा, चेष्टा नको, मी कामावर असते आणि माझा जीव इथे टांगलेला असतो. त्यावर ते म्हणाले, "मी तिथे गेलो तर तुझा जीव तिथेही टांगलेला असेल." आणि टीव्ही लावून बसले. कसं बोलायचं या माणसाशी!

सोमवार, ११ नोव्हेंबर

ऑर्डर गेली. सॉफ्टवेअर विकणारा टायवाला स्वतः आला होता. गोड बोलतो, नुसती साखर. बदल पुढच्या रविवारी, सतरा तारखेला. रविवारी फोन कमी असतात म्हणून.

त्याला विचारलं, स्टँडर्डमध्ये दुसरा सर्व्हर असतो ना नक्की? "असतो की मॅडम, बेसिक असतो."

बेसिक म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं. साहेब मध्येच बोलले काहीतरी.

बुधवार, १३ नोव्हेंबर

नीट लिहिते, म्हणजे मलाच नीट कळेल.

दुपारी अकाउंट्सवाल्यांनी महिन्याचा रिपोर्ट काढला आणि पहिला सर्व्हर घुसमटला. फोन घेणाऱ्या मुलींचे स्क्रीन अडकले, बटण दाबलं की नुसतं चक्र फिरतंय. त्यांच्या मुख्य बाई – कानाला हेडफोन, आवाज कायम शांत – कागदावर पत्ते उतरवायला लागल्या. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "नशीब, भिंतीवरचा स्क्रीन तरी चालू आहे." सगळ्यांनी वर पाहिलं. मोठा स्क्रीन अगदी मजेत चालला होता. कुठली गाडी कुठे, सगळं दिसत होतं. बाई हसल्या.

तो का चालू आहे?

पहिल्या सर्व्हरकडून माहिती घेत असता तर तोही अडकला असता. मी धावत जागेवर गेले आणि जोडणी पाहिली. भिंतीवरचा स्क्रीन आणि गाड्यांतले सगळे टॅब – सगळे दुसऱ्या सर्व्हरला विचारतात! माझ्या आधीच्या माणसाने कधीतरी तसं जोडून ठेवलंय, पहिल्यावर भार नको म्हणून. शहाणपणच केलं त्याने. पण सांगितलं कोणाला नाही. मी समजत होते, दुसरा नुसता बसून आहे.

मग नियमांची बारीक अक्षरं काढली. स्टँडर्डमध्ये दुसरा सर्व्हर असतो, पण बेसिक. म्हणजे तो नक्कल ठेवेल, वेळ आली तर उभाही राहील, पण तोवर त्याला काहीही विचारता येत नाही. कुलूपबंद. विचारायची सोय फक्त एंटरप्राइजमध्ये.

आणि डेव्हलपरमध्ये. डेव्हलपर म्हणजे आतून एंटरप्राइजच! मी स्टँडर्ड चालते का हे एंटरप्राइजवर तपासलं! चाललं म्हणून खूश झाले! पाचव्या तारखेला याच वहीत स्वतःच्या हाताने लिहिलंय की ती आतून एंटरप्राइज आहे. गॅस बंद आहे का बघायला शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन यावं, तसं.

रविवारी बदल झाला की गाड्यांतले टॅब कोरे. ड्रायव्हर बाहेर, पत्ता आत.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

साहेबांना सांगितलं. सकाळी पहिलंच काम ते केलं.

"पण टेस्टिंगमध्ये चाललं ना? तुम्हीच दाखवलंत."

मी डेव्हलपरचं सांगितलं. त्यांनी अर्धंच ऐकलं. "मॅडम, तुम्हाला रोज काहीतरी वाटतं. ऑर्डर गेली आहे. गॅस बंद केलाय तुम्ही, जा शांतपणे." केबिनमध्ये आणखी दोघं होते, ते हसले. मीही हसले! का हसले मी?

घरी स्वारीला सांगितलं. तो बूट काढत होता. म्हणाला, "तुझं नेहमीचं आहे गं. झोप काढ, उद्या काही वाटणार नाही."

यांचं तरी काय चुकलं? लाल दिवा, दार, गॅस, बाबांचा ताप नसलेला ताप – इतक्यांदा उगाच ओरडलेय की खरं सांगतानाही माझा आवाज तोच येतो. मला स्वतःलाही आता शंका यायला लागली आहे. सगळं पुन्हा वाचलं. शंका नको, खरंच आहे. पण मग शंका का जात नाही?

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

तोंडाने सांगून उपयोग नाही, दाखवावं लागणार, हे सकाळी चहा गाळताना ठरवलं.

स्टँडर्डची पावती आणि ती चालू करायची किल्ली, म्हणजे आकड्यांचा कोड, कालच आली होती. टेस्टिंगच्या दोन्ही मशीन पुसून त्यावर तीच घातली. दुपारी स्वारीची गाडी आवारात उभी होती, पुढच्या फोनची वाट बघत. मी टेस्टिंगचा टॅब घेऊन खाली गेले, बिचाऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "खोटा फोन टाकलाय. पत्ता वाच."

"आणा मॅडम." दात काढतच त्याने बोट लावलं. चक्र फिरलं. 'जोडता येत नाही.' त्याने पुन्हा लावलं. मग पुसून लावलं. टॅब उलटा करून बघितला, जणू पत्ता मागे लिहिलाय.

"रेंज नाहीये."

"रेंज आहे. वर मशीनवर फोन लिहिलेला आहे. दुसरीवर नक्कलही उतरली आहे. पण ती सांगणार नाही."

त्याने टॅब माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "म्हणजे रविवारी मी गाडीत बसून काय बघायचं? आरसा?" आणि दरवाजा उघडून खाली उतरला. "चल. मी येतो साहेबांकडे."

मी म्हटलं, नको, मीच जाते. तरी तो केबिनच्या दारापर्यंत आला आणि बाहेर उभा राहिला, ड्रेसवर, हात मागे बांधून. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

साहेबांनी कोरा टॅब पाहिला. चष्मा काढला. "सही तुमची आहे."

"हो सर."

"मग टॅब पहिल्या सर्व्हरला जोडा. संपलं."

मी म्हटलं, बुधवारी पहिला सर्व्हर नुसत्या एका रिपोर्टने घुसमटला, सगळ्या गाड्याही त्याच्याच गळ्यात घातल्या तर काय होईल? आणि मग जे सांगायचं नव्हतं तेही सांगावं लागलं. आपला दुसरा सर्व्हर बसून नाही, रोज राबतोय. म्हणजे त्यालाही लायसन्स हवं होतं. ते आपण कधी घेतलेलंच नाही.

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. मग हळू आवाजात, "हे आणखी कोणाला सांगितलंय?"

"कोणाला नाही."

"बघू."

'बघू' म्हणजे काय? रविवार परवावर आलाय!

शनिवार, १६ नोव्हेंबर

साहेबांचा फोन नाही. मी दोनदा केला, उचलला नाही. ते बघूनही उचलत नसतील. माझं नाव दिसलं की कोण उचलणार!

शेवटी लिहून पाठवलं. साहेबांना, त्यांच्या वरच्यांना, आणि मुख्य बाईंना, कारण कोऱ्या स्क्रीनसमोर त्याच उभ्या राहणार. पहिल्या वाक्यात माझी चूक: स्टँडर्डची तपासणी मी चुकीच्या एडिशनवर केली. दुसऱ्यात, रविवारी बदल केला तर काय बंद पडेल. तिसऱ्यात दुसऱ्या सर्व्हरचं लायसन्स. चौथं वाक्य लिहून खोडलं. ते माझ्या कायम होण्याबद्दल होतं.

पाठवायचं बटण दाबताना बोट अडकलं. बाबा समोर पेपर वाचत होते, म्हणाले, "काय गं, कोणाचं लग्न मोडतेस?" मी म्हटलं, माझंच, ऑफिसशी. त्यांनी पेपर खाली घेतला. "मोडेल असं वाटतंय?" हो म्हटलं आणि रडूच आलं एकदम. ते उठून पाणी घेऊन आले. बोलले काहीच नाहीत. बाबांना कधी बोलायचं नाही हे बरोबर कळतं, फक्त कधी बोलायचं ते कळत नाही.

दाबलं.

रविवार, १७ नोव्हेंबर

बदल पुढे ढकलला! सकाळी बाईंचा फोन आला, तोच शांत आवाज. "रद्द झालंय. आणि मी वरती स्पष्ट सांगितलं, टॅब बंद करणार असाल तर आधी मला घरी पाठवा."

साहेबांचा फोन नाही.

दार, गॅस, गीझर, सगळं दोन-दोनदा पाहिलं. संकट टळलं तरी हात आपले फिरतच राहतात.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

एंटरप्राइजच राहणार, दोन्ही सर्व्हरना लायसन्स घेणार. टायवाल्याने स्टँडर्डची ऑर्डर हसत हसत परत घेतली. का नाही हसणार! अकाउंट्सचा रिपोर्टही हळूहळू दुसऱ्या सर्व्हरवर नेणार आहोत.

मग साहेबांनी बोलावलं. बसायला सांगितलं, तेव्हाच कळलं. "कायम होण्याचं या वेळी नाही. तक्त्यावर सही करून आठवड्यात शब्द फिरवलात, हे वर सगळ्यांनी वाचलंय. तुम्हीच लिहिलंत." रागाने नाही म्हणाले, राग असता तर बरं झालं असतं. उठताना म्हणाले, "टॅबचं मात्र... वेळेवर सांगितलंत." काळजीवाहू म्हणाले नाहीत.

वाईट वाटलं. खूप. उगाच 'असू दे' कशाला लिहू? कायम झाले असते तर सकाळची अर्ध्या दिवसाची पाळी मागता आली असती, बाबांजवळ घरी राहता आलं असतं. तेच हवं होतं मला. आता बाबांना दादाकडे पाठवण्याशिवाय काय उरलं? संध्याकाळी दादाला फोन केला आणि येत्या रविवारी घेऊन जा म्हणून सांगितलं. बाबांना कळलं. टीव्हीचा आवाज वाढवला फक्त.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

तेव्हा अर्धवट राहिलेला अकाउंट्सचा रिपोर्ट आज पुन्हा चालू होता, शेवटचा, पहिल्या सर्व्हरवर. मुलींचे स्क्रीन धापा टाकत होते. मी बाईंच्या शेजारी उभी होते. भिंतीवर नवी ओळ उमटली. वृद्ध, पडले, शुद्ध नाही. पत्ता आमच्या इमारतीचा. फोन करणाऱ्याचा नंबर बाबांचा.

बाईंनी माझा दंड धरला ते आठवतंय. स्क्रीनवर स्वारीच्या गाडीचा ठिपका वळला, आमच्या रस्त्याला लागला. मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले.

पडलेले बाबा नव्हते, फोन त्यांनीच केला होता. वरच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात पडले होते. वाचले, डॉक्टर म्हणाले थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. त्यांच्या घरात माणसं आहेत, भरलेलं घर आहे, पण कोणाला ऐकू गेलं नाही.

दादाला कळवलं, बाबा इथेच राहतील.

रात्री विचारलं, बाबा, बंद दाराआडून तुम्हाला आवाज कसा आला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच बावळट.

"नुसता बसलेला असतो ना मी. म्हणून तर ऐकू आलं."